सोळा रस्ते आणि निळं दार

आमच्या नातीच्या मैत्रिणी म्हणे पुण्यात एका चित्रपटातली ठिकाणं शोधत दिवसभर पायी हिंडल्या. कुठल्या पुलावर नायिका रडली, कुठल्या हॉटेलात चहा प्यायली, तिथं तिथं उभं राहून फोटो काढले. नात हे फार कौतुकानं सांगत होती आणि मी भाजी निवडत हूं हूं करत होते. शेवटी ती म्हणाली, "जाऊ दे आजी, तुला नाही कळायचं."  चित्रपटाचं वेड मला कधीच नव्हतं, आजही टीव्हीवर एखादा लागला की मी उठून कुकर लावते. पण एक चित्रपट मी अकरा वेळा पाहिला, त्यातलं एकेक ठिकाण वहीत लिहून पायी शोधलं, आणि त्या पायपिटीत मी जे गमावलं ते मला अजून सापडलेलं नाही. चित्रपटाचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी कुणाला आठवायचं नाही. लातूरच्या टॉकीजला तो जेमतेम तीन आठवडे चालला, तोही आमच्या गावात शूटिंग झालं होतं म्हणून.

तेव्हा आम्ही दाल मिलच्या मागच्या बोळात दोन खोल्यांत राहत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, मिलमध्ये मशिनी दुरुस्त करायचे. मिल सकाळी सुरू झाली की आमच्या फळीवरची भांडी बारीक थरथरायला लागायची आणि संध्याकाळी ती बंद पडली की घरात एकदम काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं. त्या आवाजानं अण्णांचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे आमच्या घरात सगळी बोलणी ओरडून व्हायची. मीठ जास्त झालं हेसुद्धा बोळातल्या चार घरांना कळायचं. तुरीच्या टरफलांचा पिवळा धुरळा अंथरुणात, केसांत, पाण्याच्या माठावर बसायचा. माय तो दिवसातून तीनदा पुसायची आणि मिलच्या मालकाला मनापासून शिव्या द्यायची. ती शिरूर अनंतपाळकडची. अंबाडीच्या भाजीत ती तांदळाच्या कण्या घालायची, वरून लसणाची फोडणी, आणि चुलीपुढं बसून भाकरी थापताना स्वतःशीच काहीतरी बोलत असायची. काय बोलायची ते आम्ही कुणी कधी ऐकलं नाही. एवढ्या सगळ्या गोष्टी मला आठवतात. तिचे हातही आठवतात.

शूटिंगवाले गावात आले तेव्हा मी आठवीत होते. एके दिवशी माय गोलाईच्या बाजारातून मेथीच्या दोन जुड्या घेऊन दुपार टळल्यावर घरी आली. चेहरा उन्हानं तापलेला, पण स्वारी खुशीत. आल्या आल्या म्हणाली, "आज माजा बी फोटू काढला शिनेमावाल्यांनी."

अण्णा जेवत होते. त्यांना दोनदा ओरडून सांगावं लागलं. मग ते म्हणाले, "तुजा? कामून?"

"कामून म्हंजी? मी काय वाईट दिसती का? भाजी घेऊन हुबी व्हते, त्यायनं मशीन माज्याकडंच फिरवली."

आम्ही सगळे हसलो. माझा मोठा भाऊ, दादा, तर तिची नक्कल करत पदर सावरून बोळात दोन फेऱ्या मारून आला. तीही हसली, आणि मेथी निवडायला बसली. आम्ही तिला आणखी काही विचारलं नाही. कुठल्या गल्लीत, कुणाच्या दुकानापुढं, काहीच नाही. पुढं शिक्षिका झाल्यावरही मला त्याचं इतकं वाईट वाटायचं की शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबायचा.

त्याच वर्षी तिला कावीळ झाली. गावाकडचं झाडपाल्याचं औषध झालं, मग सरकारी दवाखाना झाला. बाराव्या दिवशी ती गेली. पुण्यानुमोदनाच्या विधीला गावाकडची माणसं जमली, भंतेजी आले, बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्त्या लागल्या, आणि गेलेल्या माणसाचा फोटो मागितला गेला. फोटो नव्हता. लग्नात काढला नव्हता, नंतर कुणाला सुचलं नव्हतं. अण्णांनी थोडा वेळ इकडंतिकडं बघितलं, मग तिचं एक लुगडं घडी करून खुर्चीवर ठेवलं आणि त्यालाच हार घातला. माझी एक चुलत आजी सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरांला मायचं तोंड तरी ठिवायचं व्हतं रे." अण्णांना ते नेमकं ऐकू गेलं. पुढं कितीतरी दिवस ते मिलमधून आले की त्या रिकाम्या खुर्चीकडं पाठ करून बसायचे.

पुढच्या हिवाळ्यात चित्रपट टॉकीजला लागला. एक खेड्यातला माणूस हरवलेल्या भावाला शोधत शहरात येतो, अशी गोष्ट. तो एसटीतून उतरतो, मिलच्या फाटकाशी चौकशी करतो, गोलाईला वळसा घालतो, भाजीच्या गल्लीत गर्दीतून वाट काढतो आणि गल्ली संपते तिथं एकदम नदीच्या घाटावर निघतो. इथं टॉकीजात रोज शिट्ट्या पडायच्या. लातुरात कुठली आली नदी? "गोलाईत शिरला अन् गोदावरीत निगाला," असं लोक ओरडायचे. घाट नांदेडचा आहे हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण आम्हा दोघा भावंडांना नदीशी देणंघेणं नव्हतं. आम्ही गर्दीतली तोंडं बघत होतो.

चौथ्या खेळाला दादानं माझं मनगट धरलं. भाजीच्या गल्लीत नायक एका बाईला घासून जातो. डोक्यावर पदर, हातात पिशवी, मागं दगडी पायऱ्या आणि निळं दार. ती मान वळवून त्याच्याकडं बघते आणि गर्दी पुढं सरकते. दोन सेकंदही नसतील. दादा कानाशी म्हणाला, "शोभे, माय." मी पाहीपर्यंत ती गेलीही होती. पाचव्या खेळाला मी डोळे फाडून बघितलं आणि मलाही माय दिसली. आज स्वतःला विचारते, खरंच दिसली होती का? सव्वा वर्ष झालं होतं, मी चौदा वर्षांची होते, आणि मला ती दिसायलाच हवी होती.

दादानं टॉकीजच्या ऑपरेटरशी मैत्री जमवली. त्याच्यासाठी रोज गरम भजी न्यायचा, त्या बदल्यात आम्हाला फुकट आत सोडलं जायचं. चित्रपट उतरला त्या दिवशी ऑपरेटरनं रिळातून त्या बाईच्या दोन चौकटी कात्रीनं कापून दिल्या आणि रीळ परत जोडलं. नखाएवढ्या त्या चौकटीवरून स्टुडिओवाल्यानं मोठा फोटो केला. तो फार अंधुक आला म्हणून त्यानं वरून हातानं रंग भरले. लुगडं हिरवं केलं, हनुवटीवर एक तीळ दिसत होता तो ठळक केला, आणि विचारलं, "कुंकू लावू का?" दादा म्हणाला, "लावा. मोठं लावा."

फोटो अण्णांच्या पुढं धरला तेव्हा दादाचे हात कापत होते. अण्णांनी तो खिडकीशी नेला. उजेडात धरून बराच वेळ बघितला.  मग त्यांनी आमच्याकडं बघितलं, पुन्हा फोटोकडं बघितलं आणि म्हणाले, "खिळा आन." त्या रात्री, माय गेल्यापासून पहिल्यांदा, मी सलग झोपले. दर पौर्णिमेला फोटोपुढं मेणबत्ती लागायला लागली. अण्णा रोज सकाळी मिलला जायच्या आधी काचेवरचा पिवळा धुरळा धोतराच्या सोग्यानं पुसायचे.

मला मात्र फोटो पुरेना. माय जिथं उभी होती त्या पायऱ्यांवर मला उभं राहायचं होतं. मी शंभर पानी वही घेतली आणि चित्रपटातली ठिकाणं ओळीनं लिहून काढली. रविवारी दुपारी भाकरी खाऊन निघायचं. आधी बसस्टँड, जिथं तो उतरतो. तिथून मिलचं फाटक, ते तर आमच्याच बोळाच्या तोंडाशी. मग गोलाई. त्यानं जिथं पाणी मागितलं ते हॉटेल सापडलं, जिथं ठेच लागून पडला ती कड सापडली, आणि प्रत्येक ठिकाणी मी वहीत बरोबरची खूण केली. निळं दार सापडेना. ज्यानं लातूर पाहिलं नाही त्याच्यासाठी सांगते, गोलाई म्हणजे गोल बाजार आहे आणि त्यातून सोळा रस्ते फुटतात. मी सोळाही धुंडाळले. सराफाचा, कापडाचा, भुसाराचा, मिरचीचा. मिरचीच्या रस्त्यानं शिंका देत देत तीनदा गेले. दगडी पायऱ्या पुष्कळ होत्या, निळी दारंही होती, पण दोन्ही एका जागी कुठंच नव्हतं. दादा पहिले दोन रविवार आला, नंतर कंटाळला. "फोटो हाय ना घरात, मग दार कशाला पायजे?" असं त्याचं म्हणणं.

एका भांड्यांच्या दुकानदारानं मला रोज रोज बघून हटकलं. मी कारण सांगितल्यावर तो म्हणाला, "पोरी, दिवसभर हितं तमाशा चालला व्हता. पर आपले लोक कसे! जो तो मशिनीत बघून दात काढून राहिला. भाजीबाजाराचं समदं फुकट गेलं म्हणून कपाळाला हात लावून बसले व्हते ते. मंग दुसरीकडं कुटं काढलं म्हणत व्हते."

हे सगळं मी ऐकलं. वहीत लिहूनसुद्धा ठेवलं. आणि त्याच्याखाली लिहिलं, माय दात काढणाऱ्यांतली नव्हती, म्हणून तिचा तेवढा ठेवला. दार पाडलं असेल, अशी मनाची समजूत घालून मी वही मिटली. शिक्षक म्हणून पुढं इतकी वर्षं मुलांना मी सांगत आले की उत्तर आधी ठरवून गणित सोडवू नका. माझं स्वतःचं गणित मी असंच सोडवलं होतं.

चार वर्षांनी डी.एड.ला मला नांदेड मिळालं. वसतिगृहातल्या मुली रविवारी नदीवर जायच्या. पहिल्यांदा घाट बघितला तेव्हा मला ओळखीचं हसू आलं, कारण याच पायऱ्यांवर टॉकीजात शिट्ट्या पडायच्या. पुढच्या रविवारी मी घरून आणलेली जुनी वही घेऊन एकटीच गेले. राहिलेल्या ठिकाणांवर खुणा करून टाकू, एवढाच विचार होता. नायक ज्या बोळातून घाटावर निघतो तो बोळ सापडला. मी उलटी आत चालत गेले. दोन वळणं झाली. तिसऱ्या वळणावर दगडी पायऱ्या होत्या आणि वर निळं दार होतं.

मी धावत जाऊन पायरीवर बसले. दगड तापला होता. त्यावरून हात फिरवत मी मोठ्यानं रडले. माय इथं उभी होती, इथं तिनं मान वळवली, असं मनात चाललं होतं, आणि रडण्यातसुद्धा आनंद होता. तो किती वेळ टिकला, सांगता येत नाही. मग हळूहळू डोक्यात यायला लागलं की हे नांदेड आहे. मायनं नांदेड कधी बघितलं नव्हतं. लातुरात आल्यापासून ती एसटीत बसली ती फक्त माहेराला जाण्यासाठी, आणि मेथी घेऊन दुपारी घरी आली होती ती गोलाईतून.

दार उघडलं. "कोन है गे? कायकु रोती?"

मी वर बघितलं. आमच्या भिंतीवरचा चेहरा माझ्याकडं बघत होता. थोडा वय झालेला, कपाळ कोरं, हनुवटीवर तीळ.

तिचं नाव खैरुनबी. गाद्या-रजया शिवायची. तिनं मला आत नेलं, कापसाच्या ढिगाशेजारी बसवलं, पाणी दिलं. मी विचारलं, "तुमी शिनेमात हाव का?" तशी ती तरतरीत झाली. "हौ, हौ! तू देखी? मैं तो देखीच नै. टाकीज को जाने कु घर में मना था. कैसी दिखती गे मैं?" मी म्हटलं, चांगल्या दिसता. आणि मग मला राहवेना. खुर्चीवरचं लुगडं, ऑपरेटरची कात्री, कुंकू, मेणबत्ती, सगळं सांगून टाकलं. तिनं दोन्ही कानांना हात लावले. "मैं जिती-जागती बैठी हूँ, और तुम लोगां मेरे सामने मोमबत्ती लगाते?" मला वाटलं ती चिडली. पण ती उठली आणि खिचडी आणि चिंचेच्या आंबट खट्ट्याची ताटली माझ्यापुढं ठेवून जवळ बसली. म्हणाली, "मेरे घर में मेरा एक बी फोटू नै. वो एक बार ला के दिखा मेरेकु." मी हो म्हटलं. मग तिनं सहज विचारलं, "तेरी अम्मा कैसी थी, सूरत से?"

मी तोंड उघडलं आणि माझ्याकडं सांगायला काही नव्हतं. मी डोळे मिटून मायला आठवायला लागले आणि प्रत्येक वेळी समोर बसलेली हीच बाई येत होती. चुलीपुढं हीच, मेथी निवडताना हीच, दवाखान्यातल्या खाटेवरही हीच. मी खिचडीचा घास तसाच ठेवून उठले.

शनिवारी घरी गेले. अण्णा फोटोची काच पुसत होते. दादा तेव्हा कामासाठी पुण्याला गेला होता, घरात आम्ही दोघंच. हा प्रश्न हळू विचारायचा होता, पण आमच्या घरात हळू विचारायची सोय नव्हती. मी ओरडून विचारलं, "अण्णा, माय कदी नांदेडला गेलती का?"

त्यांचा हात थांबला. "न्हाई."

"मग ही कोण?"

ते खाटेवर बसले. फोटो मांडीवर घेतला. "मला काय म्हाईत कोण. पर तुज्या दादाचे हात किती थरथरत व्हते, बगितलं न्हाई का तू? अन् तू त्या रात्री झोपलीस. मी म्हणलं, ऱ्हाऊ दे. लेकरांला झोप लागून राहिली तर ऱ्हाऊ दे."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला राग यायला हवा होता, पण आला तो आनंद. एका माणसाकडं तरी माझी खरी माय शाबूत होती. मी त्यांच्या पायाशी बसले आणि ओरडले, "मग सांगा ना अण्णा. कशी दिसायची माय?"

अण्णांनी भिंतीकडं नजर लावली. "तुजी माय? उंचीला बेताची. रंग सावळा. नाक सरळ. अन् हितं, हनुवटीवर, तीळ व्हता बग तिच्या." बोट हनुवटीवर ठेवून ते समाधानानं माझ्याकडं बघत राहिले.

तो तीळ मी आठवड्यापूर्वी नांदेडात बघून आले होते. मी उठले. अंबाडीची भाजी केली, कण्या घालून, आणि आम्ही दोघं जेवलो.

अण्णा जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. दादाच्या पुण्याच्या घरात त्याच फोटोची मोठी प्रत आहे, नातवंडांना तो पणजी म्हणून दाखवतो. त्याला मी सांगितलेलं नाही. हे छापून आलं तरी हरकत नाही, वाचायचा त्याला पहिल्यापासून कंटाळा. खैरुनबीला फोटो दाखवायचं मात्र माझ्याकडून राहून गेलं. लाज म्हणा, भीती म्हणा. गेल्या वर्षी गुडघे बरे असताना एकदाची नांदेडला गेले, अण्णांनंतर माझ्या भिंतीवर आलेला मूळ फोटो टॉवेलात गुंडाळून. घाटापासून तिसरं वळण. दाराला आता हिरवा रंग आहे. खैरुनबी कधीच गेली होती. तिच्या नातीनं टॉवेल सोडला, फोटो दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "दादी अशी दिसायची? आमी कुणीच तिला बगितलं न्हाई." कुंकवाबद्दल मी माफी मागितली. ती म्हणाली, ते कॉम्प्युटरवर निघतं.

रिकामा टॉवेल घेऊन लातूरला परत आले. मला वाटलं होतं, हा चेहरा घरातून एकदा गेला की मायचा येईल. रोज सकाळी चहा पिताना मी त्या भिंतीसमोर बसते. वर्ष होत आलं. माय अजून आलेली नाही.